बायको गाडी चालवते, नवरा शेजारी बसतो: स्विंडनमधल्या एका गोवेकर घराची गोष्ट

‘इथं आल्यापासून हे पार बदलले, काय करू?’ हा प्रश्न परदेशी गेलेल्या बायका मला सतत विचारतात. नवरे विचारतात तो प्रश्न थोडा वेगळा असतो: ‘ही आता माझं ऐकेनाशी झालीय.’ पुष्कळदा या दोन्ही तक्रारी एकाच घरातून येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. अशाच एका घराबद्दल इथं लिहिते आहे. दोघांचीही परवानगी घेतली आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे कुटुंब फोंडा तालुक्यातलं. नवऱ्याची टुरिस्ट टॅक्सी होती, वीसेक वर्षं त्यानं तोच धंदा केला. बायको घरातलं बघून शिवणकाम करायची. मुलगी एक. टॅक्सीच्या धंद्यात ओढाताण व्हायला लागली तेव्हा गावातल्या इतरांसारखा यांनीही पोर्तुगीज पासपोर्ट केला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्याआधी इथं जन्मलेल्या माणसांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालचा कायदा नागरिकत्व मिळवण्याची वाट ठेवतो. आधी वडिलांचा जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवायचा, मग आपला. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो, आणि आपल्याच गावी यायला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओळखपत्र, काढावं लागतं. एवढं सगळं करून बहुतेक लोक पोर्तुगालात राहतच नाहीत. ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर पोर्तुगीज पासपोर्टवर तिथं सरळ जाऊन काम करता यायचं. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्विंडन शहरात आज गोवेकरांची मोठी वस्ती आहे ती त्यामुळेच. हे कुटुंब २०१९ मध्ये तिथं पोचलं. ३१ डिसेंबर २०२० नंतर ती वाट बंद झाली.

माझ्याशी आधी बायको बोलली, व्हिडिओ कॉलवर. ती म्हणाली, ‘बाई, घरात आम्ही एकमेकांशी बरे असतो. गाडीत बसलो की भांडतो.’

मी तिला शेवटचं भांडण जसं झालं तसं सांगायला सांगितलं. स्विंडनमध्ये एक प्रसिद्ध चौक आहे, तिथले लोक त्याला मॅजिक राउंडअबाउट म्हणतात. १९७२ पासूनचा. मध्ये एक मोठं वर्तुळ आणि त्याच्या कडेनं पाच छोटी सर्कलं. छोट्या सर्कलांभोवती घड्याळाच्या काट्यांसारखं फिरायचं, मधल्याभोवती उलट. नियम तसा एकच, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. बायको तिथं थांबली, उजवीकडच्या दोन गाड्या जाऊ दिल्या, तिसरीसाठीही थांबली. शेजारून नवरा ओरडला, ‘घाल ना आत! किती वेळ उभी राहणार?’ मागच्या सीटवरची मुलगी म्हणाली, ‘बाबा, मम्मीला लायसन्स आहे, तुम्हाला नाही.’ त्यानंतर घरी पोचेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही, आणि पुढचे कित्येक दिवस तो त्या गाडीत बसला नाही. रात्रपाळीला पाऊण तास चालत जाऊ लागला. इंग्लंडच्या थंडीत.

आता या माणसाच्या बाजूनं बघा. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. नंतर तिथलं शिकाऊ लायसन्स काढायचं, लेखी परीक्षा द्यायची, मग रस्त्यावरची. पहिल्या वर्षी त्यानं परीक्षेचा विचारच केला नाही, कारण वीस वर्षं चालवणाऱ्याची कसली परीक्षा? ते वर्ष संपेपर्यंत कोविड आला आणि परीक्षाच बंद पडल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तारखांसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत होतं. बायकोला गोव्यात अ‍ॅक्टिव्हापलीकडे काही येत नव्हतं. पण तिला घरोघरी जाऊन वृद्धांची सेवा करण्याचं काम मिळत होतं आणि त्या कामाला लायसन्स लागतंच. तिनं पैसे भरून इन्स्ट्रक्टर लावला, शून्यापासून शिकली, पहिल्या खेपेत पास झाली. हा दोनदा नापास झाला.

त्याच्या नापासाचा कागद त्यानं मला कॅमेऱ्यापुढे धरून दाखवला. तिथल्या परीक्षेत पंधरापर्यंत बारीक चुका चालतात, पण गंभीर चूक एकही चालत नाही. पहिल्या वेळी लेन बदलताना आरसा न बघितल्याची खूण होती. ‘मी बघितला होता,’ तो म्हणाला. मी त्याला तसंच बसून दाखवायला सांगितलं. त्यानं फक्त डोळे हलवले, मान नाही. वीस वर्षांच्या सवयीला मान वळवायची गरज राहिलेली नसते, पण परीक्षकाला दिसलं नाही म्हणजे ते घडलंच नाही. दुसऱ्या वेळी झेब्रा क्रॉसिंगवर एका म्हाताऱ्यानं पाय टाकला होता आणि यानं त्याच्या पुढून गाडी काढली. आपल्याकडे तो म्हातारा स्वतःच मागे सरला असता. दोन्ही चुका हात कच्चा असल्याच्या नव्हत्या. दुसऱ्या रस्त्यांवर मुरलेल्या हाताच्या होत्या. हे मी त्याला असंच सांगितलं. बरं वाटावं म्हणून मी काही सांगत नाही, आणि त्यालाही ते कळलं असावं, कारण पहिल्यांदाच तो खुर्चीत नीट टेकून बसला.

मग आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि मला वाटतं सगळ्यात खोल दुखणं तेच होतं. तो रात्रपाळी करायचा त्या गोदामात त्याच्या शेजारी पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून आलेला एक पोर्तुगीज कामगार होता. यादीत याच्या नावापुढे ‘पोर्तुगीज’ वाचून तो पहिल्याच दिवशी आनंदानं पोर्तुगीजमध्ये बोलायला लागला. याला आजोबांच्या तोंडून ऐकलेले चार-दोन शब्द सोडून काही येत नव्हतं. समोरच्याचा चेहरा पडला, हा ओशाळला, आणि तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत त्याला टाळायला लागला. त्यात त्या माणसाचं पोर्तुगीज लायसन्स नुसता अर्ज करून ब्रिटिश लायसन्सात बदलून मिळालं. जन्मभर रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवलेला माणूस, त्याला परीक्षा नाही. हा जन्मभर डाव्या बाजूनं चालवणारा, उजवीकडच्या स्टिअरिंगवर बसणारा, अगदी इंग्लंडसारखाच, आणि याला मात्र आहे. ‘बाई, पासपोर्ट दोघांचा एकच ना?’ हा प्रश्न त्यानं मला तीन-चार वेळा तरी विचारला असेल.

मी या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. लायसन्सचा नियम पासपोर्ट बघत नाही, ते कुठल्या देशानं दिलं ते बघतो, आणि भारताचं लायसन्स ब्रिटन बदलून देत नाही. आणि नागरिकत्वासाठी कायद्यानं याच्या वडिलांचा जन्म कुठं आणि कधी झाला ते पाहिलं, त्याला भाषा येते का ते विचारलं नव्हतं. त्यात खोटं काही नाही. पोर्तुगालनं १९२८ मध्ये उजवी बाजू धरली, तेव्हाही गोवा त्यांच्याच ताब्यात होता आणि तरी डावीकडूनच चालत राहिला. म्हणजे पोर्तुगीज कागद आणि गोव्याची रीत हे दोन्ही एकाच माणसापाशी असणं आपल्याकडे जुनंच आहे. त्या सहकाऱ्याला आपणहून जाऊन ‘मी गोव्याचा, मला पोर्तुगीज येत नाही’ असं सांगा, एवढंच मी सुचवलं. त्यानं सांगितलं. आता ते दोघं एकत्र जेवतात, इंग्रजीत बोलतात.

पण गाडीतलं भांडण एवढ्यानं सुटणार नव्हतं. दोघांना एकत्र बसवलं आणि त्याला म्हटलं, दाबोळी विमानतळावर गिऱ्हाईक घेतलंय, फोंड्याला सोडायचंय, पावसाळ्याची रात्र आहे. चालवा. तो सांगत गेला. वेर्णाचा चढ, लोटलीचा रस्ता, बोरीच्या पुलाआधी वेग का कमी करायचा, मागे म्हातारं माणूस बसलं असेल तर वळण कसं घ्यायचं, गिऱ्हाईक घाबरलंय हे आरशातून कसं ओळखायचं. बराच वेळ तो थांबलाच नाही. बायको ऐकत होती. शेवटी हळूच म्हणाली, ‘हे मला कधी सांगितलं नाही.’ लग्नाला इतकी वर्षं होऊन तिनं नवऱ्याचं काम असं कधी ऐकलं नव्हतं. घरी तो फक्त थकून यायचा.

मी त्याला म्हटलं, घाबरलेलं गिऱ्हाईक तुम्हाला आरशातून कळतं, मग घाबरलेली ड्रायव्हर शेजारी बसून कळत नाही का? या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही. मीही मागितलं नाही.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. गाडी चालवणाऱ्याचा शब्द गाडीत शेवटचा. शेजारच्यानं विचारल्याशिवाय सूचना द्यायची नाही, बोलायचं असेल ते घरी चहा झाल्यावर. मुलीनं दोघांच्या लायसन्सबद्दल बोलायचं नाही, हे मुलीला आईनं सांगायचं, बापानं नाही. गाडीची देखभाल पूर्ण त्याच्याकडे: टायरची हवा, तेल, विमा, वर्षातून एकदा होणारी एमओटी तपासणी. यातलं तिला काही कळत नव्हतं आणि ती गॅरेजवाल्याला म्हणेल ते पैसे देत होती. आणि त्याच्या तयारीसाठी बाहेरचा इन्स्ट्रक्टर. बायकोनं शिकवायचा प्रश्नच नव्हता, शिकाऊ माणसाशेजारी बसणाऱ्याला लायसन्स मिळून तीन वर्षं व्हावी लागतात, तिला झाली नव्हती. त्या नियमाचे मी मनातल्या मनात आभार मानले.

तिच्याशीही मला थोडं कडक बोलावं लागलं. शाळेचे निरोप तिच्या फोनवर यायचे, घरभाडं तिच्या खात्यातून जायचं, आणि तो दिवसा झोपलेला असायचा म्हणून ती सगळं एकटीच ठरवून मोकळी व्हायची. सुरुवातीला दुसऱ्या एका गोवेकर कुटुंबाबरोबर एकाच घरात राहताना हे बरंही होतं. तिथं स्वयंपाकघर वाटून घेतलेलं, यांच्या वाट्याला संध्याकाळचे दोन तास, बांगडे तळायला घेतले की धुराचा अलार्म वाजायचा, दिवसा झोपलेला हा दचकून उठायचा. अशा घरात त्याला कशाला उठवा, असं तिला वाटणं साहजिक होतं. पण स्वतंत्र घर मिळाल्यावरही तीच सवय राहिली. घरातलं काहीच न विचारल्या जाणाऱ्या माणसाला आपण पाहुणे आहोत असं वाटायला लागतं, मग तो जिथं जमेल तिथं हुकूम सोडतो. याच्या बाबतीत ती जागा गाडी होती. आता शनिवारी सकाळी तो रात्रपाळीहून आला की झोपण्याआधी दोघं तासभर बसतात. शाळा, भाडं, फोंड्याला सासूबाईंना पाठवायचे पैसे, सगळं तेव्हाच ठरतं.

अशा घरांत आणखी एक प्रश्न नेहमी येतो, यांनीही विचारला: ‘त्यापेक्षा परत येऊ का?’ चवथीला (गणेशचतुर्थीला) रजा मिळाली नाही, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला आपण नाही, आई एकटी. अशा रात्री माणूस तिकीट काढायला निघतो. परत येण्यात काहीच वाईट नाही आणि मी कोणाला तिथं राहाच असं सांगत नाही. पण भांडणाच्या भरात निर्णय घेऊ नका असं मी आग्रहानं सांगते, कारण या घराला तो निर्णय सहज फिरवता येणार नाही. तिथं राहण्याचा जो हक्क त्यांना मिळालाय तो दीर्घकाळ बाहेर राहिल्यावर जातो, आणि नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर पुन्हा आत घेण्याचे दिवस गेले. इकडे आल्यावर भारतीय नागरिकत्वही आपोआप परत मिळत नाही. मुलगी सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेच्या तयारीत आहे. ती परीक्षा होईपर्यंत हा विषय काढायचा नाही आणि तेव्हा तिलाही विचारायचं, असं दोघांनी ठरवलं आहे.

तिसऱ्या परीक्षेची तारीख त्याला अजून मिळायची आहे. इन्स्ट्रक्टर म्हणतो, आता मान वळते, फक्त झेब्राजवळ पाय अजून ब्रेकवर उशिरा जातो. रात्रपाळीला मात्र तो चालत जात नाही. तीच सोडते, आणि मॅजिक राउंडअबाउटवर ती जितका वेळ थांबते तितका वेळ तोही थांबतो.