‘चोहिकडे’ की ‘चोहीकडे’?

बालकवींच्या ‘श्रावणमासी’त ‘हिरवळ दाटे चोहिकडे’ असं छापलंय, ‘हि’ पहिली कशी, छपाईची चूक का, असं तुम्ही विचारलंत. चूक नाही. गद्यात ‘चोहीकडे’च लिहायचं, पण इथे ती दुसरी वेलांटी बसतच नाही.

ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन धरून ओळ मोजा. ‘श्रावणमासी’ आठ. ‘हर्ष मानसी’ आठ. ‘ह’ ऱ्हस्व दिसला तरी पुढच्या ‘र्ष’चा आघात येतो म्हणून त्याच्या दोन. ‘हिरवळ दाटे’ पुन्हा आठ. उरलं ‘चोहिकडे’: दोन, एक, एक, दोन, म्हणजे सहा. दीर्घ ‘ही’ केलात की सात होतात आणि ओळ अडखळते. मोठ्याने म्हणून बघा, लगेच कळेल. पुढच्या ओळीतलं ‘क्षणात फिरुनी’ही तसंच: ‘फिरूनी’ केलं तर आठाच्या नऊ होतील.

या 8-8-8-6 च्या मात्रावृत्ताला हरिभगिनी म्हणतात. शाळेतल्या सवयीने अनेक जण इथेही य-मा-ता-रा लावून तीन-तीन अक्षरांचे गण पाडत बसतात. ते अक्षरगणवृत्तांचं काम. इथे लघुगुरूंचा, म्हणजे एक आणि दोन मात्रांच्या अक्षरांचा, क्रम प्रत्येक ओळीत वेगळा आहे, बेरीज तेवढी पक्की. म्हणून तर ‘सरसर शिरवे’मध्ये सहा लघू भराभर येतात आणि शेवटी एकच गुरू, तेच ‘झालासा सू’मध्ये चारही अक्षरं गुरू, चाल एकदम जड. मात्रा दोन्हीकडे आठच. (आणि हो, ‘सूर्यास्त’ हा शब्द तिथे मधोमध तुटतो: ‘सू’ आठ मात्रांच्या एका गटात, ‘र्यास्त’ पुढच्या. श्रावणातल्या लपंडावाला हे शोभतं, असं मला वाटतं.)

1972मध्ये जोडलेल्या मराठी लेखननियमांतही वृत्तासाठी कवीला ऱ्हस्वदीर्घाची मोकळीक दिलेली आहे. ‘इंद्रधनूचा’ला मात्र ती लागतच नाही. ‘इंद्रधनु’ मुळात ऱ्हस्व, पण ‘चा’ लागल्यावर तो नियमानेही दीर्घ होतो, आणि या कवितेतही दीर्घच हवा, नाहीतर सातच मात्रा भरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रतींमध्ये ‘इंद्रधनुचा’ दिसतं. तुमच्याकडची प्रत तिथेही तपासून घ्या.