ओव्हरक्लॉकिंगला हात घालण्याआधी

मित्रा, ओव्हरक्लॉकिंग म्हणजे पीसीचे भाग कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. सुरुवात रॅमपासून कर. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमचं तयार वेगवान सेटिंग, चालू कर आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेव. प्रोसेसरचं नंतर बघू.

नवखे हमखास इथे चुकतात:
- क्लॉक (प्रोसेसरचा वेग) आणि व्होल्टेज एकदम वाढवतात, मग पीसी कशामुळे अडला तेच कळत नाही. एका वेळी एकच बदल कर, तो वहीत लिही.
- जानेवारीत टिकलेलं सेटिंग मुंबईच्या मे महिन्यात, बिनएसीच्या खोलीत टिकेलच असं नाही. तापमान बघत राहा.

स्क्रीन काळी पडली तर लगेच मदरबोर्ड घेऊन लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठू नकोस. रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर आधी काही मिनिटं थांब, रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. पीसी नाहीच उठला, तर प्लग काढ, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धर, बोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं काढून परत बसव. बहुतेक बोर्डांवर बायोस मूळ सेटिंगवर येतं.