अपडाऊन करून वय कमी होतं का?

प्रश्न: आमचे हे गेली २२ वर्षं डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई अपडाऊन करतायत. परवा मुलगा कॉलेजातून ऐकून आला की वेगात जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं आणि प्रकाशाच्या वेगाने गेलं तर काळ थांबतोच, म्हणजे बाबा आईपेक्षा तरुण राहणार. हे तेव्हापासून मिशीला पीळ देत फिरतायत. खरंय का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण मुलगा बरोबर बोलतोय. असं धरा की गाडीत खाली एक आरसा, बरोबर वर छताला दुसरा, आणि मधे प्रकाश वर-खाली टप्पे घेतोय, एक टप्पा म्हणजे एक टिक. आत बसलेल्या तुमच्या ह्यांना प्रकाश सरळ वर गेलेला दिसतो, पण लोणावळ्याच्या प्लॅटफॉर्मवर उभा असलेल्या माणसाला तोच प्रकाश तिरका गेलेला दिसणार कारण तेवढ्यात गाडी पुढे सरकली ना, म्हणजे त्याच्या हिशेबाने अंतर जास्त. चेंडू असता तर गाडीचा वेग त्यात मिळवला असता आणि विषय संपला असता. प्रकाश ते करत नाही, तो सगळ्यांना सारखाच, सेकंदाला जवळपास ३ लाख किमी. वेग तेवढाच आणि अंतर जास्त, म्हणजे टिक उशिरा पडली. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये हेच धरून ठेवलं, सोडलं नाही.

काळ थांबण्याचं मात्र विसरा, वस्तुमान असलेल्या कशालाच तो वेग गाठता येत नाही. सेकंदाला २ लाख ६० हजार किमीने गेलात तर घड्याळ निम्म्याने चालेल, तेही बाहेरून बघणाऱ्याला, स्वतःला काहीच जाणवत नाही, त्यामुळे गाडीत झोप जास्त मिळाली असं काही नाही.

आता हिशेब. सरासरी ताशी ६०, रोजचे सहा तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर वर्षाची बचत सेकंदाचा दहा कोटीवा भाग. बस्स.

पण खरी गंमत पुढे आहे. जीपीएसचे उपग्रह वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) मागे पडतात, पण तिथे वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ ने पुढेही जातात, आणि हा ३८ चा फरक दुरुस्त केला नाही तर मोबाईलवरचं ठिकाण एका दिवसात १० किमीच्या वर चुकेल. म्हणजे उंचावर काळ भरभर चालतो. आणि पुणं मुंबईपेक्षा साडेपाचशे मीटर उंच! तुम्ही दिवसभर पुण्यात, हे नऊ तास खाली मुंबईच्या ऑफिसात. त्याची वर्षाची बचत अर्ध्या मायक्रोसेकंदाहून थोडी जास्त निघते, गाडीतल्या बचतीच्या पन्नासेक पट. २२ वर्षांचे झाले बारा-तेरा मायक्रोसेकंद, आणि ते वेगाने नाही, समुद्रसपाटीला बसून मिळवलेत, हे त्यांना जरूर सांगा 😄

ऑफिस कितव्या मजल्यावर ते तुम्ही लिहिलं नाहीत. पंधराव्या असेल तर त्यातून आठेक टक्के वजा करा.