‘सारखी चाळच आठवते, हा आजार तर नाही ना?’

“मॅडम, मी आजकाल लहानपणातच असतो. जेवताना, फिरताना, झोप मोडली की मध्यरात्रीसुद्धा लालबागची चाळच डोळ्यांपुढे येते. मुलगा म्हणतो, बाबा, तेच तेच किती वेळा सांगाल? मला विसरण्याचा आजार तर होत नाही ना?”

अडुसष्ट वर्षांच्या एका काकांनी समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न मला अनेक ज्येष्ठ मंडळी वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. काकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. ते ठाण्यात मुलाच्या कुटुंबासोबत अठराव्या मजल्यावर राहतात आणि काकू त्यांच्याबरोबर आल्या होत्या.

जुन्या गोष्टी वारंवार आठवणे हे स्वतःहून स्मृतिभ्रंशाचे लक्षण नव्हे. त्या आजारात सहसा आधी अलीकडच्या गोष्टी निसटतात: सकाळी काय खाल्ले हे आठवत नाही, ओळखीच्या रस्त्यावर माणूस गोंधळतो, पैशांचा हिशेब चुकू लागतो. काकांच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. तरीही मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले, कारण थायरॉईडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असली तरी मन उदास राहते आणि विसरायला होते. तपासण्या ठीक आल्यावर आम्ही पुढे बोलू लागलो.

मी त्यांना चाळीतला एकच दिवस सविस्तर सांगायला सांगितले. पहाटे रिकाम्या काचेच्या बाटल्या आणि कार्ड घेऊन आरेच्या दूध केंद्रावर रांग लावायची, परत येऊन पाणी जायच्या आत पिंप भरायचे, महिन्याच्या सुरुवातीला रेशनच्या दुकानापुढे रॉकेलचा डबा ठेवून नंबर धरायचा. वडील गिरणीत होते. त्यांची पाळी आणि भोंगा यांवर घरातल्या चुलीपासून झोपेपर्यंत सगळ्याचे वेळापत्रक ठरलेले असे. शेजारच्या गाळ्यात कोकणातून एकटे आलेले कामगार दाटीवाटीने राहत. त्यांची गावी जाणारी पत्रे आणि मनीऑर्डरचे फॉर्म सहावी-सातवीतले हे काका लिहून देत. “फॉर्मवर निरोपाला जागा एवढीशी. त्यात आईची तब्येत, भातशेती आणि गणपतीला येणार की नाही, सगळं बसवायचं. बायकोला काय लिहायचं ते सांगताना मोठी मोठी माणसं माझ्यापुढे लाजायची,” हे सांगताना ते खुर्चीत ताठ बसले होते.

त्यानंतर मी त्यांच्या आताच्या दिवसाबद्दल विचारले, तेव्हा उत्तर दोन वाक्यांत संपले. दूध पिशवीतून दाराशी येते, किराणा फोनवरून मागवला जातो, विजेचे बिल मुलगा भरतो, आणि बँकेचा संदेश आला की तो वाचून दाखवायला नातीला हाक मारावी लागते. ज्या मुलाने इतक्या कामगारांची पत्रे लिहिली, त्याला आज स्वतःचा व्यवहार दुसऱ्याच्या हातून करावा लागतो. माझ्या मते काकांच्या दुःखाचे मूळ चाळ गेली यात नव्हतेच. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ही जाणीव त्यांना खात होती.

काकूंचे मत अगदी निराळे होते आणि ते ऐकणे आवश्यक होते. “मला नाही बाई त्या दिवसांची आठवण येत,” त्या म्हणाल्या. पहाटेचे पाणी, सामाईक संडासाची रांग, बाळंतपणानंतरही दहा बाय बाराच्या खोलीत नसलेला आडोसा, हे त्यांनी एकेक करून सांगितले. आपल्या आठवणींना अशी दुसरी बाजू होती, हे काकांनी इतक्या वर्षांत कधी काकूंच्या तोंडून ऐकले नव्हते. भूतकाळाबद्दल दोघांचे एकमत करण्याचा प्रयत्न मी केला नाही. दोघेही खरेच सांगत होते.

ऐकता ऐकता आणखी एक गोष्ट लक्षात आली. काकांच्या आठवणी नेहमी एका टप्प्यावर थांबत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांच्या वडिलांना पुन्हा गिरणीत जाता आले नाही. मी त्या दिवसांबद्दल विचारल्यावर काका बराच वेळ थांबून म्हणाले, “बाबा दिवसभर गॅलरीत बसायचे. आम्ही त्यांना काही विचारतच नसू. आता मीही तसाच बाल्कनीत बसतो.” उदासीचा हा धागा त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा सापडला होता, आणि पुढच्या भेटींत आम्ही चाळीपेक्षा वडिलांबद्दलच अधिक बोललो.

मुलाला मी एक विनंती केली: बाबांना वेळ जावा म्हणून काम देऊ नका, ज्यावाचून घराचे खरोखर अडेल असे काम द्या. भाजी, वीजबिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स आता काकांकडे आहे. यूपीआय त्यांना नातीने शिकवले. वेगळ्या खात्यात थोडीच रक्कम ठेवून सुरुवात केली, आणि पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे तिने त्यांच्याकडून वहीत लिहून घेतले. त्या बदल्यात ती आजोबांकडून पत्रे लिहिणाऱ्या कामगारांच्या गोष्टी ऐकून नोंदवते. ती प्रश्न विचारते, त्यामुळे गोष्ट दर वेळी थोडी पुढे सरकते आणि ‘तेच तेच’ राहत नाही. मुलगा अजूनही जेवताना फोन बाजूला ठेवत नाही. त्यावर आमचे बोलणे चालू आहे.

आपल्या घरात अशी व्यक्ती असेल तर आठवणींना घाबरू नका, मात्र त्यांच्यासोबत आणखी काय दिसते ते पाहा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडलेली असेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना विनाविलंब भेटा. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, आणि तिथे मराठीतही बोलता येते.