इंटरमीडिएट फिलामेंटला प्लस-मायनस टोकं का नसतात?

तुम्ही विचारलंय की पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिन आणि मायक्रोट्यूब्यूल या तंतूंना प्लस-मायनस (एक झपाट्याने वाढणारं, दुसरं सावकाश) अशी वेगळी टोकं असतात, मग त्याच सांगाड्यातल्या इंटरमीडिएट फिलामेंट या तिसऱ्या तंतूला का नाहीत, आणि एटीपी-जीटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूंशिवाय ते जुळतं तरी कसं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पुस्तकांत याला दोरखंडाची उपमा देतात, मला ती अपुरी वाटते. आमच्या खानदेशात कपाशीला तोटा नाही, म्हणून वर्गात मी मुलांच्या हातात बोंडातला चिमूटभर कापूस देतो आणि बोटांनी पीळ देत सूत ओढायला लावतो. तंतू जेमतेम इंचभर, सूत निघतं हातभर. एकही तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही; एकमेकांवर अर्धवट चढून ते एकमेकांना धरून ठेवतात. आणि त्या सुताला पुढचं-मागचं असं काही नसतं.

आता व्हायमेंटिन घ्या, इंटरमीडिएट फिलामेंट ज्यांपासून बनतं त्यांतलं एक प्रथिन. ४६६ अमिनो आम्लांची साखळी. मधला सुमारे ३१० आम्लांचा भाग म्हणजे अल्फा हेलिक्सचा, स्प्रिंगसारख्या वळलेल्या साखळीचा, दांडा. त्याच्या एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला शेपूट, दोन्ही ढिली. दांड्यात दर सात आम्लांतलं पहिलं आणि चौथं बहुतेक वेळा पाणी टाळणारं असतं. त्यामुळे हेलिक्सच्या अंगावर तशी एक पट्टी तयार होते, आणि दोन साखळ्या आपापली पट्टी आत लपवत एकमेकींना वेढा घालतात. सुताला पीळ आपली बोटं देतात. इथे तो आम्लांच्या क्रमातच लिहिलेला आहे. हा झाला डायमर. त्याचा दांडा सुमारे ४५ नॅनोमीटर लांब, दोन्ही साखळ्यांची तोंडं एकाच बाजूला. म्हणजे इथवर दिशा शाबूत आहे.

ती जाते पुढच्या पायरीवर. दोन डायमर उलट-सुलट, साधारण अर्धे सरकून शेजारी बसतात आणि टेट्रामर होतो. वहीत दोन बाण काढा, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि कागद अर्धा फेरा फिरवा. चित्र तेच दिसेल. वीटच अशी असेल तर भिंतीला प्लस टोक कुठून येणार? तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे.

पुढचं झपाट्याने होतं. प्रयोगशाळेत टेट्रामरच्या द्रावणात मीठ वाढवलं, की काही सेकंदांत साधारण आठ टेट्रामर, म्हणजे ३२ साखळ्या, सुमारे ६० नॅनोमीटर लांबीच्या आखूड जुड्या बांधतात. जुड्या टोकाला टोक लावून वाढतात, मग आवळून सुमारे १० नॅनोमीटर जाडीच्या होतात. एटीपी लागत नाही, कारण पाणी टाळणारे भाग लपणं आणि विरुद्ध विद्युतभारांची ओढ एवढ्यावर काम भागतं. सोडवायला मात्र पेशी खर्च करते : विभाजनाच्या वेळी कायनेज एन्झाइम एटीपीतला फॉस्फेट डोक्याकडच्या सेरीन या अमिनो आम्लावर बसवतात आणि व्हायमेंटिनचं जाळं ढिलं पडतं.

दिशाच नाही, म्हणून कायनेसिन, डायनीन, मायोसिन या तंतूंवरून चालणाऱ्या मोटर प्रथिनांना या तंतूवर चालता येत नाही. याचं काम ताण झेलण्याचं. त्वचेच्या तळाच्या पेशींत केराटिन ५ आणि केराटिन १४ या इंटरमीडिएट फिलामेंटच्याच प्रथिनांची जोडी असते. दोघांतलं एकटं कुणीही तंतू करू शकत नाही. केराटिन १४ मधलं १२५ व्या जागेवरचं आर्जिनीन, दांड्याच्या अगदी सुरुवातीचं, बदललं तर एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स या त्वचेच्या आजाराचा तीव्र प्रकार होतो. अशा बाळाला नुसतं काखेत धरून उचललं तरी पेशी फाटून अंगावर फोड येतात.