सीमाभागातल्या मराठी लोकांना कन्नड येतं तरी कसं?

प्रश्न असा आहे: "मी नाशिकचा. आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी बंगळूरला आलो. मोबाईलवर ॲप घेऊन कन्नड शिकतोय, पण 'गोत्तिल्ला' (माहीत नाही) याच्या पुढं गाडी सरकत नाही. बेळगावकडच्या मराठी माणसांना कन्नड सहज येतं म्हणे. शाळेत शिकवतात म्हणून का?"

शाळेत शिकवतात हे खरं. त्यामुळं येतं हे मात्र खोटं.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा, मराठी शाळेत शिकलेला. कन्नडचा तास असायचा. कविता आम्ही चालीवर घोकायचो, अर्थाच्या वाटेला कुणी जात नसे. परीक्षेत प्रश्नातला एखादा ओळखीचा शब्द सापडला की त्याला जोडून पाठ केलेलं उत्तर उतरवून काढायचं, चित्र काढल्यासारखं. असा मी दरवर्षी पास होत गेलो. दुकानात मात्र कुणी 'एनु बेकु?', म्हणजे काय पाहिजे, विचारलं की बोटानं दाखवायचो.

मला कन्नड आलं ते बसच्या पाट्यांवरून. खरं तर एका चुकलेल्या बसवरून.

माझं आजोळ हलशी. कदंबांच्या काळची देवळं आहेत ते. खानापूरहून हलशीला जायचं तर नंदगडवरून जावं लागतं, आणि हळियाळची गाडीही नंदगडवरूनच जाते. आमच्याकडं गाडीच्या कपाळावरची पाटी कन्नडात असते. मी दहा वर्षांचा होतो, पहिल्यांदाच एकटा निघालो होतो, आणि मला पाटीवरचं फक्त पहिलं अक्षर लागायचं. 'ह' दिसला, चढलो, खिडकीशी बसलो. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा गाडी स्टँड सोडून बरीच पुढं आली होती. "हलशी? इदु हळियाळ गाडी, तम्मा!" सगळी बस हसली. नंदगडला मला उतरवलं आणि पुढची हलशीची गाडी दोन तासांनी असल्याचं कळलं.

त्या दोन तासांत करायला दुसरं काहीच नव्हतं. स्टँडवरच्या फळ्यावर दोन्ही नावं होती. तिकिटाच्या मागं ती एकाखाली एक उतरवली आणि बघत बसलो. एकात 'ल', दुसऱ्यात 'ळ'. एकात काना नाही, दुसऱ्यात आहे. शाळेत दोनशे वेळा फळ्यावर बघितलेली ती अक्षरं पहिल्यांदा एकमेकांपासून वेगळी दिसली.

मग तो नादच लागला. वर्गातली पोरं क्रिकेटपटूंची कार्डं जमवायची, मी गाड्यांच्या पाट्या जमवायचो. एक वही केली होती. डावीकडं कन्नड अक्षरं, उजवीकडं मराठीत गावाचं नाव: बीडी, इटगी, कित्तूर, लोंढा, जांबोटी, कणकुंबी. गावाचं नाव आधी ठाऊक असतं, म्हणून अक्षरं आपोआप सुटतात. 'व' येत असेल तर 'म' फुकट मिळतो, त्याच 'व'ला पुढं एक शेपूट काढलेली असते. 'र'च्या पोटात टिंब दिलं की 'ठ'. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लोंबतं. आकड्यांमध्ये सहा आणि नऊ जुळे भाऊ, ते मला आजही फसवतात. गाडीच्या अंगावरचं 'सारिगे' म्हणजे वाहतूक, स्टँडवरचं 'निल्दाण' म्हणजे थांबायची जागा, हेही असंच कळलं. (इंग्रजीत बेळगावचं बेळगावी १ नोव्हेंबर २०१४ ला झालं. आमच्या गाड्यांच्या पाट्यांवर ते आधीपासून 'बेळगावि'च होतं, त्यामुळं निदान बसला तरी काही फरक पडला नाही.)

तर तुम्हाला माझा सल्ला एवढाच: ॲप राहू दे बाजूला. तुमच्या ऑफिसच्या वाटेवरच्या स्टॉपची नावं तुम्हाला ठाऊक आहेतच, ती कन्नडात वाचायला लागा. महिन्याभरात लिपी सुटेल. एका गोष्टीकडं मात्र पहिल्या दिवसापासून कान द्या. कन्नडात 'ए' दोन आहेत आणि 'ओ'ही दोन, आखूड आणि लांब. आपण मराठी माणसं सगळंच एका मापानं बोलतो. 'केरे' आखूड म्हणालात तर तळं, पहिला 'के' लांबवलात तर धामण. तळ्यांच्या शहरात राहताय, पत्ता विचारताना जपून.

आणि आमच्याकडच्या माणसाकडून शिकणार असाल तर तेही जपून. आम्ही प्रत्येक शब्दाला 'री' लावतो, मानानं. मी बंगळूरला पहिल्यांदा रिक्षात बसून "हौद्री" (हो जी) म्हणालो, तर रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "हुब्ळियवरा?" हुबळीचे का? त्याच्या रिक्षावर मागं शंकर नागचं चित्र होतं. १९८० च्या एका सिनेमात हा माणूस रिक्षावाला झाला आणि कर्नाटकातल्या रिक्षावाल्यांनी त्याला कायमचा आपला करून टाकला. हाच शंकर नाग त्याआधी मुंबईत मराठी नाटकं करायचा. मी ते सांगितलं, मोडक्या कन्नडात. त्यानं मीटरप्रमाणे पैसे घेतले. बंगळूरला आठ महिने काढलेत म्हणजे यात काय विशेष ते तुम्हाला कळेल.

वाचणं असं बसनं शिकवलं. शब्द आले सिनेमाच्या पोस्टरांवरून. त्यातला एक सांगतो आणि थांबतो.

पोस्टरच्या कोपऱ्यात नेहमी असायचं: 'इंदु बिडुगडे'. आज प्रदर्शित. कुणी शिकवायची गरजच नव्हती, नव्या पोस्टरवर तो शब्द हटकून असायचा.

मी बारा वर्षांचा होतो तेव्हा, ३० जुलै २००० ला, चंदनचोर वीरप्पननं कन्नड सिनेमातले लाडके नट डॉ. राजकुमारना त्यांच्या गाजनूरच्या घरातून पळवून नेलं. तुम्ही मराठी मुलखातले, तुम्हाला ती एक बातमी वाटली असेल. इकडं घरातलं माणूस गेल्यासारखी अवस्था होती. आता आमचे बाबा म्हणजे पक्के सीमावासी. १ नोव्हेंबरला राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन असतो आणि आम्ही काळा दिवस पाळतो. बाबा दरवर्षी बेळगावला सायकल फेरीत जायचे, एकही वर्ष चुकवलं नाही. मराठीत पाटी पाहिजे, मराठीत कागद पाहिजे, यावर ते आजही ऐकून घेत नाहीत, आणि माझंही मत तेच आहे. पण राजकुमारचा सिनेमा टीव्हीवर लागला की बाबांना जेवायला हाक मारायची नाही, हाही घरचा नियम होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला ते फेरीवरून घरी आले, शर्टावर काळी फीत तशीच, आणि चपला काढता काढता पहिलं विचारलं, "सुटला काय रे राजकुमार?"

नव्हते सुटले. एकूण १०८ दिवस गेले.

बाबांना कन्नड बोललेलं सगळं कळायचं, वाचता एक अक्षर येत नव्हतं. नोव्हेंबरच्या मध्यात एका सकाळी आम्ही दोघं केस कापायला गेलो होतो. बाबा खुर्चीत, मी बाकावर. दुकानात कन्नड पेपर यायचा. पहिल्या पानावर राजकुमारचा मोठा फोटो होता आणि मथळ्यात तो पोस्टरवरचा शब्द. सिनेमाचं प्रदर्शन आणि माणसाची सुटका, कन्नडात दोन्हीला शब्द तोच.

मी ओरडलो, "बाबा, बिडुगडे!"

"कंचा पिक्चर?" बाबा आरशात बघत म्हणाले.

मी पेपर त्यांच्यासमोर धरला. बाबा एकदम वळले, तसा न्हाव्यानं वस्तरा वर उचलला आणि दुसऱ्या हातानं त्यांचं डोकं पुन्हा खाली दाबलं. "काका, कान जाईल की ओ! पोरगं वाचतंय न्हवं? ऐका गप."

मग मी ती अख्खी बातमी वाचली. अडखळत, बोट ठेवत, निम्मे शब्द चुकवत. चुकलेले न्हावी दुरुस्त करत होता.