गल्लीत गाड्या सुसाट जातात, सोसायटीने स्वतःच स्पीडब्रेकर टाकला तर चालेल का?

नाही, रस्ता महापालिकेचा असेल तर स्वतःहून टाकू नका, वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि एक कॉपी ट्रॅफिक पोलिसांकडेही द्या. उरलेल्या सिमेंटचा जो उभा उंचवटा लोक घालतात ना, त्यावर स्कूटरचं पोट घासतं आणि रात्री पट्टे नसले तर तो दिसतच नाही, मागे बसलेलं माणूस अक्षरशः उडतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 या मार्गदर्शिकेच्या 1988 च्या आवृत्तीत माप दिलं होतं: 3.7 मीटर रुंद, उंची फक्त 10 सेंटीमीटर, म्हणजे 25 च्या स्पीडला गाडी आरामात जाते, शिवाय काळे-पांढरे पट्टे आणि आधी बोर्ड हवा. फक्त लांब गल्लीत एकाने भागत नाही, तो ओलांडला की लोक परत गाडी पळवतात, तिथे अर्जातच दोन-तीन मागा.